पट्ट्यातला खांदा

१

तिला वाटलं होतं, दार उघडायचा अवकाश, लोक वाट बघत उभेच असतील. परतीच्या लांबलचक प्रवासात तिने वहीत खोलीचा नकाशासुद्धा काढून ठेवला होता. खिडकीपाशी मुलांसाठी बाक, डावीकडे हत्यारांची फळी, उजवीकडे बरी होऊन घरी निघालेली वाद्यं. सहा वर्षं दूरच्या शाळेत ती वाद्यं घडवायला आणि जोडायला शिकली होती. शिकलेलं सगळं आपल्या माणसांत आणून ओतायचं, घरोघरी माळ्यावर धूळ खात पडलेलं एकेक वाद्य खाली उतरवायचं, अशी तिची प्रतिज्ञा होती. काकांच्या बंद पडलेल्या दुरुस्तीच्या दुकानाचं कुलूप काढलं त्याच दिवशी तिने स्वतःच्या हाताने पाटी रंगवून दाराला लावली: ‘अडकलेले सूर मोकळे करून मिळतील. मोफत.’

आणि आलं कोण? एकोणीस दिवसांत दोन माणसं. एक पत्ता विचारायला. दुसरी एक बाई, हरवलेल्या किल्लीची जोडकिल्ली करून मागायला. ‘अडकलेले’ आणि ‘मोकळे’ एवढंच वाचून तिला हे कुलपांचं दुकान वाटलं. शेजारचा शिंपी रोज डोकवायचा, पण तो जमेत धरायचा नाही. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणायची.

“मोफत लिहिलंस ना, तिथेच घोडं पेंड खातंय,” मास्तर दारात उभं राहून म्हणाले. “फुकट म्हटलं की माणसाला वाटतं, यात काहीतरी काळंबेरं आहे.”

“लोकांना वेळ लागतो, मास्तर.”

“लागू दे की. मी आहेच भिंतीपलीकडे. माझी एखादी पिपाणी बिघडली तर आणेन.”

वर काकू राहायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या जिना उतरत नसत. बोलणं व्हायचं ते जिन्याच्या तोंडातून, एकीने वर बघून, दुसरीने खाली वाकून. काका जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हा तिची तिथली परीक्षा चालू होती. त्यांचं फोनवरचं शेवटचं वाक्य होतं, “नको येऊ, परीक्षा दे.” तिने परीक्षा दिली. पहिली आली.

काका गेल्यावर काकूंनी दुकानातली वाद्यं ज्याची त्याला परत धाडली होती. मागे राहिली एकच. गडद तपकिरी रंगाची, चार जाड तारांची बेस गिटार. मागच्या भिंतीवरच्या आकड्याला ती आपल्याच चामडी पट्ट्याने टांगलेली होती. आणि खोलीच्या मधोमध, खिडकीसमोर, एक जुनी कापसाची गादी दुमडून ठेवलेली. पहिल्याच दिवशी ती त्या गादीला अडखळून पडता पडता राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला ती काकूंचा चहा घेऊन जिन्यात असताना खालून आवाज आला. धप्प.

वर काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता, नळाला पाणी आलं म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, “सुटलं.”

“काय सुटलं, काकू?”

“तुझ्या काकांचं ते. रोजचंच आहे गं, ते होते तेव्हापासूनचं. आवाज आला की म्हणायचे, सुटलं बिचारं. मग हात धुऊन वर यायचे.”

ती खाली गेली. गिटार गादीवर पालथी पडली होती. पट्ट्याचं एक टोक सुटून जमिनीवर लोळत होतं. तिने गिटार उचलली, पट्टा लावला, परत आकड्याला टांगली. तिच्या मनात आलं ते फक्त व्याकरण. गिटार ती. पट्टा तो. मग काकू ‘सुटलं’ का म्हणतात?

२

कारण सरळ होतं. असल्या गिटारीच्या दोन्ही टोकांना एकेक धातूचं बटण असतं आणि पट्ट्याच्या भोकांत ती बटणं अडकवतात. वर्षानुवर्षांच्या वापराने भोक सैल होतं, जुन्या शर्टाच्या काजासारखं. मग वजन पेलवत नाही. पट्टा सुटतो, गिटार पडते. रोज सहालाच का, यालाही तिने उत्तर शोधलं: दुपारभर तापलेलं चामडं उन्हं उतरली की आकसत असणार.

एकच गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. गादी आकड्याखाली नव्हती. आकड्यापासून चांगली चार पावलं दूर होती. पडणारी वस्तू सरळ खाली पडते, हे कळायला परदेशात शिकावं लागत नाही. पण काकांचा वेंधळेपणा घरात प्रसिद्ध होता. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तो. अठराव्या दिवशी तिने गादी ओढली आणि नीट आकड्याखाली सरकवली.

त्या संध्याकाळी धप्प झालं नाही. खाड्‌ झालं.

ती मागच्या मोरीत हात धूत होती. तशीच ओल्या हातांनी धावत आली. गिटार खिडकीसमोर उघड्या फरशीवर पडली होती, रोज पडायची त्याच जागी. खोक्याच्या वरच्या टोकदार शिंगापाशी रंगाचा टवका उडून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. आकड्याखाली गादी होती तशी होती. तिच्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

गादीवर पडून उसळली असेल. गुळगुळीत फरशीवरून घसरत गेली असेल. चार पावलं? का नाही, जडच आहे चांगली. माणसाची बुद्धी एकदा एखाद्याचं वकीलपत्र घेऊन बसली की खऱ्या वकिलालाही लाजवते.

पण त्या टवक्याने तिच्या जिवाला डागणी दिली. वाद्यं वाचवायला आलेली ती, आणि तिच्या हाती असलेलं एकुलतं एक वाद्य तिच्या देखत फुटलं. गिटार मांडीवर घेऊन ती जखम चाचपत बसली असताना तारा पिळायच्या खुंटीला बांधलेली चिठ्ठी तिच्या हाती लागली. जाड पुठ्ठ्याची, काकांची नेहमीची. गिऱ्हाइकाच्या नावापुढे नुसती एक रेघ. कामाच्या जागी पेन्सिलीने एकच ओळ:

लॉक लावू नको सुटू दे

‘दे’च्या पुढे लगेच चिठ्ठीचं भोक होतं, दोरा ओवायचं.

काका कधी स्वल्पविराम देत नसत, पूर्णविराम तर सणासुदीलाही नाही. त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या अशाच: ‘तारा बदलू’, ‘खुंटी घासू’, ‘मान सरळ करू’. आणि ‘नको’ तर त्यांच्या तोंडी नेहमी आधी. नको रडू. नको उशीर करू. नको येऊ. त्यामुळे तिला ते वाक्य काकांच्या आवाजातच ऐकू आलं. लॉक लावू, नको सुटू देऊ. शेवटचा ‘ऊ’ भोक पाडताना गेला, एवढंच.

तिने टेबलाचा खण उपसला. तळाशी एक लहानसं पाकीट निघालं. आत दोन लॉक होती, पट्टा बटणावरून सुटू नये म्हणून लावायची, चकचकीत, न वापरलेली. पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटपट्टीने बंद केलेलं होतं. तिने पाकीट छातीशी धरलं. काकांच्या हातून राहून गेलेलं शेवटचं काम. जणू तिच्यासाठीच ठेवलेलं. गावात कोणी तिची वाट बघत नसेल, पण हे काम दीड वर्ष बघत होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने बाह्या सारल्या.

आधी जुनी दोन्ही बटणं काढली. खालचा स्क्रू बोटाने फिरवला तरी बाहेर आला. लाकडातलं भोक पार झिजून गेलं होतं. तिने लाकडाची बारीक काडी तासली, सरसात बुडवून भोकात ठोकली आणि दुपारपर्यंत वाळू दिली. मग वर आलेलं टोक कापून सपाट केलं. ड्रिलच्या टोकाला, किती खोल जायचं त्या खुणेला, चिकटपट्टीचा वेढा दिला. भोक पाडलं. स्क्रूला साबण चोळला, म्हणजे लाकूड चिरत नाही. बटणाखाली मऊ नमद्याची चकती. शेवटचे वेढे हातानेच, घाई न करता, लाकूड ‘पुरे’ म्हणेपर्यंत. दूरच्या शाळेतले म्हातारे गुरू म्हणायचे, लाकूड बोलतं, आपण तोंड मिटलं तर. तिने तोंड मिटलं होतं. एकोणीस दिवस दुसरं काय करत होती ती?

पट्टा टेबलावर पसरायला गेली तेव्हा मास्तर आले. गळ्यात टेप, कानावर खडू.

“आज हात चालतायत म्हणायचे.”

“काकांचं राहिलेलं काम आहे, मास्तर. हा पट्टा धरा जरा, सरळच होत नाहीये.”

मास्तरांनी पट्टा दोन्ही टोकांना धरून ताणला. सोडल्याबरोबर तो पुन्हा वळला, वर उचलला गेला आणि टेबलावर कमानीसारखा उभा राहिला. मास्तरांचं हसू ओसरलं. त्यांनी सवयीने टेप काढला आणि त्या कमानीवर धरला.

“पट्ट्यात खांदा राहिलाय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“चाळीस वर्षं कोट शिवतोय मी. कापड अंगाची सवय घेतं, चामडं तर जास्तच. हा बघ इथे खांदा. एवढा उतरता खांदा माणसाला असतो कुठे? आणि इथे मान लागायला हवी.” त्यांनी खडूने हवेतच खूण केली. “तर इथे पट्टा सरळ आत वळलाय.”

“पट्टा जुना आहे, मास्तर.”

“असेल.” त्यांनी टेप गुंडाळला. “मी या मापाचा कोट घेणार नाही बाई, एवढं सांगतो.” आणि हसले. पण एरवी चहा घेतल्याशिवाय न हलणारा माणूस तसाच निघून गेला.

तिने पट्ट्याच्या दोन्ही भोकांत लॉक बसवली, मागून चकती घातली, पान्याने नट आवळले. लॉकच्या मध्यावर एक बारीक मूठ असते. ती दोन बोटांनी ओढायची, लॉक बटणावर बसवायचं, मूठ सोडायची. टक्‌. मग जगातला कोणताही हिसका ते सोडवू शकत नाही. सोडवायचं तर मूठच ओढावी लागते, आणि ती कशी ओढायची हे माहीत असावं लागतं.

टक्‌. दुसरं टोक. टक्‌.

तिने पट्टा धरून गिटार जोरात झटकली. काही सुटलं नाही. तिने गिटार आकड्याला टांगली आणि आता गादीची गरज नाही म्हणून ती कोपऱ्यात ढकलून दिली. सहाला पंधरा मिनिटं होती.

४

सहा वाजले. खिडकीतून आलेलं पिवळं ऊन फरशीवर रोजच्याच जागी पडलं. ती स्टुलावर बसून गिटारीवर नजर लावून होती. धप्प झालं नाही. खाड्‌ झालं नाही. ती स्वतःशीच हसली. काका, झालं हं तुमचं काम.

मग सर्वांत जाड तार वाजली.

वाजली म्हणण्याइतकी मोठ्याने नाही. कानाला कळायच्या आधी ती स्टुलाच्या पायांतून कळली. त्यापाठोपाठ पुन्हा. तीन टोले, मग विसावा. तीन टोले, विसावा. गिटार आकड्यावर होती, तिच्या आसपास कोणी नव्हतं.

याचंही कारण तिला शाळेत शिकवलं होतं. एका सुराला दुसरी तार आपोआप जागी होते. पलीकडे मास्तरांचं मशीन चालू होतं, त्याचीच घरघर. तिने भिंतीवर थाप मारली. “मास्तर, मशीन जरा थांबवा!”

“थांबवलं!” मशीनची घरघर बंद झाली.

तीन टोले. विसावा. तीन टोले.

इथे कोणीही शहाणं माणूस जिना चढून वर गेलं असतं. पण तिला वर जावंसं वाटेना. गेल्या कित्येक दिवसांत या खोलीत तिच्याखेरीज कोणी आवाज केला नव्हता. सहा वर्षं ती रोज चारचौघांत वाजवत आली होती. इथे आल्यापासून तिने व्हायोलिनची पेटी उघडलीसुद्धा नव्हती. एकट्याने वाजवायचं म्हणजे भिंतीशी गप्पा. तिने पेटी उघडली. शेवटच्या परीक्षेसाठी स्वतःच्या हाताने घडवलेलं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं, गिटारीकडे पाठ केली, कारण समोर बघून वाजवायचा धीर नव्हता, आणि त्या तीन टोल्यांवर एक साधा सूर ठेवला.

टोले थांबले. क्षणभर खोली कान देऊन उभी राहिली. मग ते पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात, घाईने. तिने लय वाढवली. तेही वाढले. तिने खाली उतरून एक लांब स्वर धरला, आणि खालून त्या जाड तारेने तो असा पेलला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. हेच. याच्यासाठीच तर परत आले मी. डोळे मिटून ती वाजवत राहिली. किती वेळ, तिचं तिला कळलं नाही.

कळलं ते इतकंच, की टोले आता मागच्या भिंतीकडून येत नव्हते. खिडकीकडून येत होते.

तिने मान वळवली नाही. गज हवेत थांबला. समोर काकांचं जुनं कपाट होतं, काचेच्या दारांचं. काचेवर धूळ, धुळीत मावळतीचं ऊन. त्या उन्हात तिला गिटार दिसली, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, उभी. पट्टा वर गेला होता, ताणलेला, एका लांब उतारावरून पलीकडे वळलेला. उताराच्या वर काही नव्हतं. पण खाली, खालच्या लॉकपाशी, काहीतरी होतं. ते लॉकला चाचपत होतं. आंधळ्याने अनोळखी दाराची कडी चाचपावी तसं. मग पट्ट्याला हिसका बसला. एक, दोन, तीन. विसावा.

“काय गं?” काकूंचा आवाज जिन्यातून आला. “आज सुटलं नाही वाटतं?”

ती व्हायोलिन हातात घेऊन, काचेकडे न बघता, भिंतीला पाठ घासत जिन्यापर्यंत पोचली. वर गेल्यावर काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं.

“बरं नाही का वाटत?”

“काकू, ते सुटलं नाही तर काय होतं?”

काकूंनी बराच विचार केला. “काय माहीत बाई,” त्या म्हणाल्या. “कधी न सुटता राहिलंच नाही.”

५

सकाळ लख्ख होती. अशा सकाळी कालच्या संध्याकाळची माणसाला लाजच वाटते. ती खाली आली तेव्हा गिटार खिडकीखालच्या भिंतीला टेकून होती, आकड्यावर नव्हती. तिच्यावर पट्ट्याची कमान तशीच उभी, सैल न पडलेली. चामड्यावर हात ठेवला तर ते ओलसर लागलं.

गिऱ्हाईक शोधावं, ज्याची त्याला द्यावी, म्हणून तिने काकांचं चिठ्ठीपुस्तक काढलं. प्रत्येक चिठ्ठीखाली कार्बन घालून काका एक नक्कल ठेवत. नकलेला भोक नसतं. ते पान सापडलं. गिऱ्हाइकाच्या नावापुढे रेघ. ‘दे’च्या पुढे काही नव्हतं, कोरा कागद होता, तिथे ‘ऊ’ कधी नव्हताच. आणि मध्ये, जन्मभर कधी न दिलेला, कागद फाटेल इतका दाबून दिलेला एक पूर्णविराम:

लॉक लावू नको. सुटू दे

चिठ्ठीवर त्या जागी पेन्सिलीचा ठिपका पुठ्ठ्याच्या रंगात बुडून गेला होता. आता बघितल्यावर दिसला.

ती गिटारीपाशी गुडघ्यांवर बसली. खालच्या लॉकभोवती लाकडावर ओरखडे होते, काल नव्हते ते. तीन तीनचे जुडगे, एकाखाली एक, शेकडो. चकचकीत धातूवरही होते. प्रत्येक जुडगा मुठीपर्यंत येऊन बाजूला घसरला होता. तिने बोटाने ते मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, कारण बोट आपोआप कालच्या लयीत पडायला लागलं होतं. तीन, विसावा. तीन, विसावा. काल खाली कोणी वाजवत नव्हतं. प्रत्येक हिसक्याला तार हलत होती, एवढंच. आणि तिने त्यावर सूर ठेवले होते.

दोन बोटांचं काम होतं. तिने मुठीला हात लावला. पट्ट्याची कमान, जी इतका वेळ बारीक थरथरत होती हे तिला आत्ता कळलं, एकदम स्थिर झाली. दावं सोडायला धन्याचा हात आला की जनावर जसं मुकाट उभं राहतं, तशी.

ओढली की झालं. आज सहाला धप्प होईल. सुटलं बिचारं. मग हात धुवायचे, वर जायचं. उद्या कोणी किल्ली करून मागायला येईल. परवा मास्तर विचारतील, काय म्हणतोय धंदा. वहीतल्या नकाशातले बाक तिच्या डोळ्यांपुढून गेले, एकूण एक रिकामे. आणि तो खालचा स्वर आठवला, तिच्या स्वराला पेलणारा. तो खरा नव्हता, हे तिला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

“अगं, सुटलं का शेवटी?” काकू वरून ओरडल्या.

तिने मुठीवरून बोटं काढली.

“हो काकू,” ती म्हणाली. “सुटलं.”

मग तिने कोपऱ्यातली गादी घट्ट गुंडाळली, सुतळीने बांधली आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वर, हात पोचणार नाही इतकी आत, ढकलून दिली. मागे कमान पुन्हा थरथरायला लागली होती. तिने तिकडे पाठ केली आणि व्हायोलिन सुरात लावायला घेतलं. सहाला अजून खूप अवकाश होता.